आधी नाव लागू द्या

(स्मृती व्याख्यानमालेत अमरावती येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ ही माला चालते, त्यांची हयात अमरावती आणि अकोल्याच्या दिवाणी न्यायालयांत गेली. वाटणीचं प्रकरण घेऊन कुणी आलं, की सातबारा हातात घेण्याआधी ते विचारत, "बहिणी किती? आणि त्यांची नावं कुठं आहेत?" पक्षकार गडबडून जाई. बहिणी किती ते त्याला तोंडपाठ असे, कागदावर मात्र त्यांचा पत्ता नसे. तोच प्रश्न आज मी या व्यासपीठावरून विचारणार आहे.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगते. वडिलांच्या मिळकतीत मुलीला मुलाइतका वाटा आहे, याबद्दल हिंदू कायद्यात आता वाद उरलेला नाही. तरीही वऱ्हाडातल्या वावरांचे सातबारे बघा, लेकीचं नाव क्वचित दिसेल. कारण तिचा हक्क न्यायालयात पोहोचण्याच्या कितीतरी आधी, बापाची तेरवी उरकल्यावर होणाऱ्या वारसनोंदीत आणि पाठोपाठ येणाऱ्या हक्कसोडपत्रात संपवला जातो. लढा द्यायचा तो त्या जागी.

वाट कशी चालत आलो

"लेकीला वाटा ही सरकारनं काढलेली नवी टूम आहे," असं गावागावात ऐकू येतं. म्हणून थोडा इतिहास.

अकराव्या-बाराव्या शतकाच्या सुमारास चालुक्यांच्या कल्याणीत, म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातल्या बसवकल्याणात, विज्ञानेश्वरांनी याज्ञवल्क्यस्मृतीवर 'मिताक्षरा' ही टीका लिहिली. पुढं देशाच्या बहुतेक भागात वारशाचा कायदा तिच्या आधारानं चालला. त्यात मुलगा जन्मतःच वडिलोपार्जित मिळकतीचा सहदायाद, म्हणजे जन्मानं हिस्सेदार होई; मुलगी होत नसे. पण बाप विभक्त असला आणि त्याला मुलगा नसला, तर विधवेच्या मागून ती मिळकत मुलीकडे येई. इथं मराठी मुलखाचं वेगळेपण दिसतं. बंगालकडे, मद्रासकडे, बनारसकडे मुलीला अशी मिळकत हयातीपुरतीच मिळे. आपल्याकडे चालणाऱ्या मुंबई संप्रदायात ती तिची पूर्ण मालक होई; विकू शके, दान देऊ शके. लेक जमिनीची मालक होऊ शकते, ही गोष्ट आपल्या वाडवडिलांना मान्य होती. तिला भाऊ असला, की मात्र ते सारं थांबे.

बाईला एक न्याय आणि पुरुषाला दुसरा का, हा प्रश्न याच वऱ्हाडातून, बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्री-पुरुष तुलना' लिहून विचारला. कायदेमंडळ हलायला त्यानंतर अर्धशतक जावं लागलं. मुंबईचे शल्यविशारद डॉ. गो. वि. देशमुख यांच्या विधेयकातून १९३७ साली हिंदू स्त्रियांच्या मालमत्तेच्या हक्काचा कायदा झाला. त्यात विधवेला मर्यादित हक्क मिळाला, मुलीला काहीच मिळालं नाही. शिवाय हा कायदा शेतजमिनीला लागू होत नाही, असं १९४१ साली फेडरल कोर्टानं ठरवलं. त्यासाठी प्रांतांना स्वतंत्र कायदे करावे लागले. ज्या मुलखात संपत्ती म्हणजे काळी जमीन, तिथल्या बाईला त्या निकालाचा अर्थ काय झाला असेल, हे वेगळं सांगायला नको.

याच अमरावतीत नोव्हेंबर १९२७ मध्ये अंबादेवी मंदिरप्रवेशाच्या प्रश्नावर भरलेल्या परिषदेचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर अध्यक्ष होते. कायदामंत्री झाल्यावर त्यांनी हिंदू कोड बिल हाती घेतलं. आधीच्या राव समितीनं मुलीला मुलाच्या निम्मा वाटा सुचवला होता. बाबासाहेबांच्या मसुद्यात तो बरोबरीचा झाला. विरोध एवढा झाला की बिल अडकून पडलं, आणि सप्टेंबर १९५१ मध्ये बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्यामागच्या कारणांत हिंदू कोड बिल हे मोठं कारण होतं.

पुढं ते बिल तुकड्यातुकड्यांनी मंजूर झालं. वारसाहक्काचा भाग हरिभाऊ पाटसकर यांनी संसदेत नेला आणि १७ जून १९५६ रोजी हिंदू उत्तराधिकार अधिनियम लागू झाला. वऱ्हाड तेव्हा मध्य प्रदेशात होता; साडेचार महिन्यांनी तो मुंबई राज्यात आला. आणखी एक गोष्ट आपल्या भागासाठी महत्त्वाची. हा कायदा नावानं हिंदू असला, तरी बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांनाही तोच लागू आहे. धम्मदीक्षा घेतलेल्या घरांतल्या लेकींचा हक्कही याच कायद्यातून येतो.

सोळा एकरांचा हिशेब

१९५६ च्या कायद्यानं मुलगी पहिल्या वर्गाची वारस झाली. पण सहदायाद मुलगेच राहिले. या दोन वाक्यांतलं अंतर केवढं, ते आकड्यांत बघू.

समजा, सोळा एकर वडिलोपार्जित वावर आहे. घरात बाप, माय, दोन मुलगे, एक मुलगी. बाप मृत्युपत्र न करता गेला. जुन्या हिशेबात मरणाच्या क्षणी वाटणी झाली असं धरायचं. त्या वाटणीत बाप, माय आणि दोन्ही मुलगे यांना प्रत्येकी चार एकर. मुलगी त्यात नाही. मग बापाचे चार एकर माय, दोन मुलगे आणि मुलगी या चौघांत वाटायचे, प्रत्येकी एक. शेवटी मायला पाच, मुलांना पाच-पाच, आणि लेकीला एक एकर.

मुलगीही जन्मानं सहदायाद धरली, की मूळ वाटणी पाच जणांत होते. बापाचा पाचवा हिस्सा पुन्हा चौघांत जातो, आणि शेवटी माय, दोन मुलगे, मुलगी, चौघांनाही चार-चार एकर येतात. एका एकराचे चार एकर झाले, ते ही एक अट काढल्यामुळे.

ती अट काढायला एकोणपन्नास वर्षं लागली. आंध्र, तामिळनाडू, कर्नाटक या राज्यांप्रमाणे महाराष्ट्रानंही आपल्यापुरती दुरुस्ती केली. ती २२ जून १९९४ पासून लागू झाली. त्या दिवसापूर्वी लग्न झालेल्या मुली मात्र तिनं वगळल्या. एकाच घरातल्या दोन बहिणी घ्या. एकीचं लग्न मे महिन्याच्या लग्नसराईत झालं, दुसरीचं त्याच वर्षी दिवाळीनंतर. धाकटी सहदायाद, थोरली नाही. बाप तोच, वावर तेच, फरक अक्षतांच्या तारखेचा.

केंद्राची दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ रोजी आली आणि हा भेद गेला. मुलगी, विवाहित असो वा अविवाहित, जन्मानं सहदायाद झाली. शेतजमिनीचा वारसा काही राज्यांच्या कुळकायद्यांच्या मर्जीवर सोडणारं कलमही त्याच वेळी गेलं. राहत्या घरात पुरुष वारसांनी वाटणी काढेपर्यंत मुलीला वाटणी मागता येत नव्हती, ती आडकाठीही गेली. मग प्रश्न निघाला, की २००५ च्या त्या दिवशी बाप जिवंत असायला हवा का? २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या एका पीठानं हो म्हटलं, २०१८ मधल्या दुसऱ्या निकालाची दिशा वेगळी होती. अखेर ११ ऑगस्ट २०२० रोजी 'विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा' या प्रकरणात न्या. अरुण मिश्रा यांच्या अध्यक्षतेखालच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठानं निकाल दिला, की हक्क जन्मानं मिळतो, त्यामुळे त्या दिवशी बाप हयात असण्याची गरज नाही.

दोन मर्यादा मात्र प्रामाणिकपणे सांगायला हव्यात. २० डिसेंबर २००४ च्या आधी नोंदणीकृत दस्तानं किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्यानं झालेली वाटणी, किंवा तोवर झालेली विक्री, या दुरुस्तीनं उघडत नाही. आणि बापाला स्वतःच्या हिश्श्याचं किंवा स्वकष्टार्जित मिळकतीचं मृत्युपत्र करता येतं. मुलीचा जन्मानं आलेला हिस्सा मात्र त्याच्या मृत्युपत्रानं जात नाही. शंभर रुपयांच्या कागदावर पंचांसमोर लिहिलेली 'आपसी वाटणी' पुढं करून बहिणीला गप्प बसवता येत नाही, हेही २०२० च्या निकालानं पुरेसं स्पष्ट केलं आहे. तोंडी वाटणी अपवादानंच मानली जाईल, आणि तीही सरकारी दस्तऐवजांचा भक्कम आधार असेल तरच.

चावडीवरची नोटीस

आता गावात काय होतं ते बघू. खातेदार वारला, की वारसांनी तीन महिन्यांत तलाठ्याला, म्हणजे आजच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याला, कळवायचं असतं. अर्जासोबत मृत्यूचा दाखला आणि वारसांचं प्रतिज्ञापत्र लागतं. नोंद गाव नमुना ६-क या वारस नोंदवहीत आणि मग फेरफारात येते. हितसंबंधितांना नोटीस जाते, चावडीवर लागते, हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. कागदावर ही पद्धत चांगली आहे.

पण अर्ज करतो भाऊ. प्रतिज्ञापत्रात वारसांची नावं लिहितो तोही भाऊच. पुष्कळदा त्यात 'मयतास दोन मुले व पत्नी' एवढंच असतं. लेक नांदते तेल्हाऱ्याला किंवा अंजनगावला. नोटीस लागते माहेरच्या चावडीवर. तिनं ती वाचावी कशी आणि हरकत घ्यावी कधी?

जिथं नाव वगळत नाहीत, तिथं दुसरी रीत. बहिणींची नावं लावायची आणि लगेच हक्कसोडपत्र करून काढायची. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात हे दृश्य मी अनेकदा पाहिलं आहे. भावानं गाडी करून आणलेल्या दोन-तीन बहिणी बाकावर बसलेल्या असतात, पदर डोक्यावर, हातात आधार कार्ड. दस्त आधीच छापून आलेला. त्यातला गट नंबर, क्षेत्र, आपला हिस्सा किती, यातलं काही त्यांना कुणी वाचून दाखवलेलं नसतं. नाव पुकारलं की एक जण उठते, कॅमेऱ्यासमोर बसते, यंत्रावर अंगठा ठेवते, आणि भावाकडे वळून विचारते, "दादा, कुठी सही करू?" मी एकीला बाजूला घेऊन विचारलं होतं, माय, कशावर सही करतेस ते माहीत आहे का? ती म्हणाली, "मले काय करायचं हाय वावर? भावाचं घर उघडं राहिलं म्हंजे झालं." दस्ताची नोंदणी झाली. भावानं सगळ्यांना चहा पाजला, साड्या दिल्या, संध्याकाळच्या आत सासरी पोहोचवलं. जन्मानं मिळालेला हक्क अर्ध्या तासात संपला.

त्या बाईचं प्रेम खोटं नव्हतं. भावाचंही नसेल. पण तिच्या उत्तरात भीती होती, आणि ती भीती सगळ्यांना माहीत आहे. हिस्सा मागितला तर महालक्ष्म्यांना बोलावणं येणार नाही, दिवाळीला न्यायला कुणी येणार नाही, नवऱ्यानं टाकलं तर परत यायला दार राहणार नाही. ज्या बाईला सासरच्या घरातही हक्काची जागा नाही, ती माहेरचं दार उघडं राहावं म्हणून आपलं वावर सोडून देते. याला राजीखुशी म्हणणं मला पटत नाही.

चार हरकती

पहिली हरकत, लग्नात दिलं. हुंडा देणं-घेणं १९६१ पासून गुन्हा आहे, हे सोडा. पण जे दिलं ते कुणाला दिलं? रोकड सासऱ्यानं घेतली, गाडी जावयाला गेली, जेवणावळीत गाव जेवलं. त्यातलं लेकीच्या नावावर किती राहिलं? आणि मुलाच्या लग्नाचा, त्याच्या शिक्षणाचा खर्च त्याच्या हिश्श्यातून कुणी वजा केल्याचं मी ऐकलं नाही.

दुसरी हरकत, मायबापाला भाऊ सांभाळतो. १९८७ साली कल्याणच्या एका विवाहित महिला डॉक्टरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं, की निर्वाह करू न शकणाऱ्या बापाला पोसण्याची जबाबदारी लग्न झालेल्या मुलीवरही आहे. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाच्या कायद्यानंही मुलगा-मुलगी भेद केला नाही. म्हणजे कर्तव्याचा वाटा लेकीला १९८७ मध्ये मिळाला आणि मिळकतीचा पूर्ण वाटा २००५ मध्ये. तिच्या वाट्याला जबाबदारी अठरा वर्षं आधी आली. शिवाय दवाखान्यात आईच्या उशाशी रात्री कोण बसतं, ते आपण सगळे जाणतो.

तिसरी हरकत, जमीन आहेच किती. ही हरकत मी हलकी मानत नाही. दोन-तीन एकर कोरडवाहू, त्यात कपाशी, सोयाबीन, तूर, आणि वर सावकाराचं कर्ज. त्याचे तुकडे पाडून कुणाचंच पोट भरणार नाही, आणि तुकडेबंदीचा कायदाही आड येतो. पण नाव लावायला वावर कापावं लागत नाही. खातं सामाईक ठेवता येतं. भावानं कसावं, बहिणीला तिच्या हिश्श्याचा मक्ता किंवा बटईचा माल द्यावा. भावाला पुढं विकत घ्यायचं असेल, तर बाजारभावानं घ्यावं. तीन भावांत तीन एकर वाटताना तुकड्यांची चिंता कुणी केली नाही. ती बहीण आल्यावरच का आठवावी?

चौथी हरकत, नातं तुटतं. वाट्यावरून भाऊ-भाऊ वर्षानुवर्षं कोर्टात भांडतात, तरी वाटणीच नको असं कुणी म्हणत नाही. नातं तुटतं ते कुणीतरी दुसऱ्याचं दाबून ठेवतं म्हणून. हिस्सा मान्य करून वेळेवर दिला, तर भांडायला कारणच राहत नाही.

ज्यांच्यापर्यंत हा कायदा पोहोचलाच नाही

याच अमरावती जिल्ह्यात धारणी आणि चिखलदरा आहेत. तिथल्या कोरकू लेकींना हिंदू उत्तराधिकार कायदा लागूच होत नाही, कारण अनुसूचित जमातींना केंद्रानं अधिसूचना काढल्याशिवाय तो लागू नाही. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं केंद्राला याचा फेरविचार करायला सांगितलं. जुलै २०२५ मध्ये छत्तीसगडच्या एका गोंड कुटुंबाच्या प्रकरणात, मुलींना वगळणारी प्रथा सिद्ध झालेली नसताना त्यांना वाटा नाकारणं समानतेच्या तत्त्वाला धरून नाही, असं त्याच न्यायालयानं सांगितलं. मेळघाटातल्या बहिणींपर्यंत हे कुणी नेलं आहे का, असा प्रश्न मी इथल्या वकिलांना विचारते.

दुसऱ्या आहेत आत्महत्याग्रस्त शेतकऱ्यांच्या विधवा. नवऱ्याचं वावर नावावर नसल्यानं त्यांना पीककर्ज नाही, विमा नाही, अनुदान नाही. महिला किसान अधिकार मंचानं विदर्भ-मराठवाड्यात केलेल्या पाहणीत, २०१२ ते २०१८ या काळात विधवा झालेल्यांपैकी सुमारे ४० टक्के बायकांना शेतजमिनीचा हक्क मिळालेला नव्हता. यांतली प्रत्येक बाई कुणाची तरी लेकही आहे. तिचं नाव माहेरच्या सातबाऱ्यावर असतं, तर नवरा गेल्यावर सासर-माहेर दोन्हीकडे तिच्याशी बोलण्याची रीत बदलली असती. देशातल्या एकूण वहितीच्या खात्यांपैकी बायकांची खाती २०१५-१६ च्या कृषी गणनेत जेमतेम १४ टक्के होती. शेतात राबणारे हात मोजले, तर हा आकडा कुणालाही खटकेल.

हे बदलू शकतं, याचा दाखला आपल्याच चळवळीत आहे. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेनं १९८६ मध्ये चांदवडला लाखो शेतकरी बायका गोळा केल्या. १९८९ मध्ये महिला आघाडीचं अधिवेशन याच अमरावतीत झालं. त्या वाटेवर पुढं 'लक्ष्मी मुक्ती' उभी राहिली. शेतकऱ्यानं जमिनीचा एक तुकडा स्वखुशीनं बायकोच्या नावे करायचा. शंभर घरांनी तसं केलं, की त्या गावाचा सन्मान करायला शरद जोशी स्वतः जात. कोर्ट नाही, पोलीस नाही, आणि तरी शेकडो गावांतल्या पुरुषांनी फेरफार करून घेतले. ज्या शेतकऱ्यानं बायकोसाठी एवढं केलं, त्याच्या हातून बहिणीसाठी आणि लेकीसाठी ते राहून गेलं. ते पुढचं पाऊल आता टाकायला हवं.

काय करायचं

बापांनो, हयात असताना बोला. लेक-जावई, मुलं-सुना समोर बसवून कुणाचं काय ते सांगा. मृत्युपत्र करणार असाल, तर लेकीला वगळण्यासाठी करू नका.

बहिणींनो, वडील गेल्यावर वारसनोंदीचा अर्ज भावानं केला का, त्यात कोणती नावं आहेत, ते स्वतः बघा. अर्ज तुम्हीही करू शकता. नोंदीत नाव राहून गेलं, तरी हक्क गेलेला नाही. फेरफारानं मालकी मिळत नाही आणि जातही नाही. पण नोंदणीकृत हक्कसोडपत्रावर सही केली, की परतीची वाट फार अवघड होते. म्हणून दुखवट्याच्या पहिल्या वर्षात अशा कुठल्याही कागदावर सही करू नका. कागद घरी आणा, भावानं नेमलेला नव्हे असा वकील गाठा, आपला हिस्सा किती आणि त्याची किंमत किती ते समजून घ्या. अमरावती आणि अकोला, दोन्ही ठिकाणी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. बाईला तिथं मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो.

महसूल खात्याकडे दोनच मागण्या आहेत. वारसांच्या प्रतिज्ञापत्रात 'मुली नाहीत' किंवा 'मुली अमुक' असं स्पष्ट लिहिल्याशिवाय अर्ज घेऊ नये, आणि विवाहित मुलीला नोटीस तिच्या सासरच्या पत्त्यावर जावी. यासाठी नवा कायदा लागत नाही, एक परिपत्रक पुरेल.

आणि भावांनो, माझी सगळ्यांत मोठी आशा तुमच्यावर आहे. बहिणीनं हिस्सा ठेवावा की तुम्हाला द्यावा, याचा निर्णय मी करणार नाही आणि तुम्हीही करू नये. तिनं तो मालकीण म्हणून करावा. त्यासाठी आधी ती कागदावर मालकीण व्हायला हवी. पुढच्या वेळी तलाठ्याकडे जाल तेव्हा आईच्या खाली, स्वतःच्या नावाशेजारी, बहिणीचं नाव स्वतःच्या हातानं लिहा. हा हक्क तिला बाबासाहेबांच्या मसुद्यापासून २०२० च्या निकालापर्यंत सत्तर-बहात्तर वर्षांच्या झगड्यानं मिळाला आहे. तुम्हाला त्यासाठी अर्जावर एक ओळ लिहायची आहे.